बियाण्याची पिशवी आणि पाठीवरचा पंप



रोहिणीचे चार थेंब पडले की आपल्या अफजलपूर भागातील कृषी दुकानांपुढे गर्दी सुरू होते. गेल्या वर्षी अशाच दिवसांत रविवारच्या मिस्सेनंतर एक जोडपे आमची वाट पाहत ओट्यावर थांबले होते. नवऱ्याच्या हातात कापडी पिशवी, तीत कपाशीच्या बियाण्याची दोन पाकिटे. एकावर कंपनीचे नाव, किंमत, मुदत असे सारे छापलेले. दुसरे कोरे पांढरे, त्यावर एक अक्षरही नाही. तो म्हणाला, "फादर, हे बी माणसानं प्रयोगशाळेत बनवलेलं. देवाच्या निर्मितीत हात घातला म्हणतात लोक. पेरलं तर पाप लागंल का?" बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "पाप राहू द्या फादर. हे पेरल्यावर किती बार फवारावं लागंल ते सांगा. पंप ह्यांच्या पाठीवर असतो, अन् कपडे मी धुते."

दोघांच्या परवानगीने हे लिहीत आहोत. त्या दिवशी घाईत आम्ही नवऱ्याला उत्तर दिले आणि बाईला 'कमी फवारा' एवढेच सांगून वाटेला लावले. वर्षभरात आमच्या ध्यानात आले की खरा प्रश्न तिचाच होता. म्हणून आज सविस्तर लिहितो.

पापाचा प्रश्न आधी उरकू. बीजातील गुण आईबापांकडून लेकरांकडे कसे जातात, हे ज्याने प्रथम शोधून काढले तो ग्रेगोर मेंडेल आपल्याच ख्रिस्तसभेतील ऑगस्टिनियन संन्यासी होता. ब्रनो गावच्या मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ ह्या काळात त्याने वाटाण्याची हजारो रोपे वाढविली, उंच वाटाण्याशी बुटक्या वाटाण्याचा संकर केला, दाणे मोजले, टिपणे ठेवली व १८६६ साली आपले नियम छापले. कोणी ढुंकून पाहिले नाही. तो १८८४ साली वारला आणि १९०० साली जगाला त्याची किंमत कळली. तुम्ही पेरता त्या संकरित ज्वारीची, मक्याची, कपाशीची पाळेमुळे त्या मठाच्या वाफ्यात आहेत. बीजात हात घालणे मुळातच पाप असते, तर त्याच मठाने पुढे मेंडेलला आपला मठाधिपती केले नसते.

तथापि मेंडेलने वाटाण्याचा संकर वाटाण्याशीच केला. बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचा गुण काढून कपाशीच्या पेशीत बसविला आहे. असे कुंपण ओलांडणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि ज्यांना ह्याची शंका वाटते त्यांना अडाणी म्हणून हसणे आम्हांला पसंत नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रात ह्या विषयाला स्वतंत्र जागा दिली आहे. त्यांनी सरसकट निषेध केला नाही व सरसकट आशीर्वादही दिला नाही. अशा धान्याने माणसाला अपाय होतो असा निर्णायक पुरावा नाही, काही भागांत त्याने लोकांची परिस्थिती सुधारली, हे ते मान्य करतात. परंतु त्याचबरोबर जमीन व बियाणे थोड्यांच्या हाती गोळा होऊन लहान शेतकरी बाजूला पडतो, ह्याकडे बोट दाखवितात. थोडक्यात, प्रत्येक बियाण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तो आता मांडू.

त्या जिवाणूचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, त्यावरून 'बीटी'. जपानात १९०१ साली रेशमाचे किडे मरू लागले तेव्हा त्याचा शोध लागला व १९१५ साली जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतावरून त्याला हे नाव मिळाले. ह्या जिवाणूची पावडर सेंद्रिय शेतीवालेसुद्धा कित्येक वर्षे फवारीत आले आहेत. त्यातील प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेले की तेथील अल्कधर्मी रसात विरघळते, आतड्याच्या अस्तराला चिकटते व त्याला भोके पाडते. अळी खाणे सोडते व दोनचार दिवसांत मरते. माणसाचे पोट आम्लधर्मी, आणि ते प्रथिन जेथे चिकटावे ती जागाच आपल्या आतड्यात नाही. ते इतर प्रथिनांसारखे पचून जाते. हे बियाणे आपल्या देशात २००२ च्या मार्च महिन्यात अधिकृतपणे आले. अमेरिकेची मोन्सँटो व आपल्या जालन्याची महिको ह्यांनी मिळून ते आणले.

त्या काळी लोकांनी ते का उचलले, हे तरुण वाचकांना कळावे म्हणून आपल्याच भागाची एक आठवण सांगितली पाहिजे. १९९७-९८ च्या हंगामात गुलबर्गा व बीदर जिल्ह्यांत तुरीवर हिरवी अळी आली. अवेळी पाऊस, ढगाळ हवा, आणि अळी अशी की औषध मारून मारून लोक थकले, तरी ती हलेना. वर्षानुवर्षांच्या फवाऱ्यांनी ती पचविण्यास शिकली होती. उभी तूर गेली, औषधांचे कर्ज राहिले. बीदर व गुलबर्ग्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या त्याच सुमारास प्रथम राज्यभर गेल्या. तीच हिरवी अळी कपाशीची बोंडेही खाते. तेव्हा 'फवारा नको, झाडच अळीला मारील' असे कोणी सांगितले, तर ते देवदूताचे बोल वाटावेत यात नवल नाही. उलट बाजूही त्याच वर्षी दिसली: १९९८ च्या नोव्हेंबरात प्रा. नंजुंडस्वामी ह्यांच्या रयत संघाने रायचूर जिल्ह्यात ह्या कपाशीचे चाचणीचे शेत उपटून जाळले. एकाच वर्षी, शेजारशेजारच्या जिल्ह्यांत, एकीकडे अळीने शेतकरी मरत होते व दुसरीकडे अळी मारणारे झाड शेतकरीच जाळत होते. दोघांचीही भीती खरी होती, असे आज आम्हांला वाटते.

पहिली दहा वर्षे बियाण्याने चांगले काम केले. देशातील कापसाचे उत्पादन २००१-०२ साली सुमारे १५८ लाख गाठी होते, ते २०१३-१४ साली ३९८ लाखांच्या घरात गेले. जर्मनीच्या ग्योटिंगेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी कर्नाटक व महाराष्ट्र धरून चार राज्यांतील शेतकऱ्यांच्या २००२ ते २००८ मधील जमाखर्चाचा अभ्यास केला, त्यांना एकरी उत्पन्नात २४ टक्के वाढ दिसली. सारे श्रेय बियाण्याचे नव्हे. गुजरातेत पाणी वाढले, खत वाढले, नवी कीटकनाशके आली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती ह्यांनी २०२० साली एका अमेरिकी अभ्यासकाबरोबर हाच मुद्दा आकड्यांनिशी मांडला व पुढे आणखी कठोर गोष्ट सांगितली: आज शेतकरी कीटकनाशकांवर जो खर्च करतो तो बीटी येण्यापूर्वीपेक्षा जास्त आहे. देशाचे उत्पादनही उतरून अलीकडे ३०० लाख गाठींच्या आसपास आले आहे.

असे का व्हावे? ह्याची दोन कारणे आहेत आणि दुसऱ्यात आपला हात आहे.

पहिले, बीटीचा गुण बोंडअळीपुरता. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ह्या रस शोषणाऱ्या किडींना त्या प्रथिनाशी देणेघेणे नाही. बोंडअळीचे फवारे थांबले तसे त्या माजल्या, आणि बाजारातील कित्येक संकरित वाण त्यांना सहज बळी पडतात.

दुसरे कारण म्हणजे शेंदरी बोंडअळी, जिला आता सारे गुलाबी अळी म्हणतात. ही अळी बोंडाच्या आत राहते, दोन सरक्या जोडून त्यात झोपते, फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिचे जगणे जवळजवळ कपाशीवरच अवलंबून. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम होता की बीटीच्या शेताभोवती पाच ओळी किंवा क्षेत्राचा पाचवा हिस्सा, ह्यांपैकी जे जास्त असेल तेवढी साधी कपाशी लावावी. तेथे साध्या अळ्या जगतात. बीटी पचवून वाचलेल्या एखाद्या अळीचे लग्न त्यांच्याशी लागते व पचविण्याचा गुण पुढच्या पिढीत पातळ होतो. त्यासाठीच ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे लहान पाकीट मिळे. लोक त्याला 'रेफ्युजी' म्हणत. काही पाकिटांत साध्या कपाशीऐवजी तूर येई. तूर हिरव्या अळीला चालते, गुलाबीला नाही. तेव्हा त्या तुरीने गुलाबी अळीच्या बाबतीत काहीच साधले नाही.

ते लहान पाकीट किती जणांनी पेरले? दुसऱ्यांना विचारण्याआधी आम्ही स्वतःचे सांगतो. ज्या ठिकाणी आम्ही पूर्वी सेवेत होतो तेथे धर्मग्रामाची थोडी जमीन होती व कपाशीचा कारभार आमच्याकडे होता. तीन हंगाम आम्ही ती लहान पाकिटे कपाटात टाकली. पाचवा हिस्सा जमीन अळ्यांना चारायची, हे आमच्या मनाला पटेना. शिवाय डिसेंबरात पीक काढण्याऐवजी पाणी देऊन मार्चपर्यंत फरदड घेतली, पाचसात क्विंटल कापूस जास्त मिळाला म्हणून खूशही झालो. सगळ्यांनी हेच केले. गुलाबी अळीला बारा महिने घर मिळाले, शिकवणी मिळाली. २०१० साली गुजरातच्या चार जिल्ह्यांत ती पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे कंपनीनेच जाहीर केले. दोन जनुकांचे दुसरे बियाणे २००६ सालीच आले होते. २०१५ च्या सुमारास गुजरातेत तेही हरले व २०१७ साली महाराष्ट्रातील कपाशी तिने पोखरून काढली.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. कीड दिसली तसे लोकांनी दोनतीन औषधे एकत्र कालवून, बॅटरीच्या पंपाने, दमट उकाड्यात, तोंडाला रुमालही न बांधता फवारणी केली. उंच झाडांतून फवारा अंगावरच परत येत होता. एकट्या त्या जिल्ह्यात वीसाहून अधिक माणसे मेली, शेकडो रुग्णालयात गेली, काहींची दृष्टी अधू झाली. त्यांत मजूर बरेच होते, ज्यांच्या नावावर ना शेत होते ना कापूस. औषधे कालवलेली असल्याने विष नेमके कोणते हे डॉक्टरांनाही कळणे अवघड झाले.

बंधूंनो, वीस वर्षे आपण भांडत आहोत की बीटीने माणूस मरतो का. त्या प्रथिनाने कोणी मेल्याचे आम्हांला माहीत नाही. परंतु ते प्रथिन निकामी झाल्यावर आपण जे पाठीवर घेतो त्याने माणसे मेली, आणि ती यवतमाळात असली तरी पंप तोच, औषधे तीच, आपल्या भीमाकाठचा सप्टेंबरही तितकाच दमट.

आता त्या कोऱ्या पाकिटाची गोष्ट. ते तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचे बियाणे होते, ज्याला लोक 'एचटीबीटी' म्हणतात. त्याच्या लागवडीला आपल्या देशात परवानगी नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून कायदा मोडला. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे, असे त्यांचे म्हणणे. खुरपणीची मजुरी ज्याला परवडत नाही त्याचे दुःख आम्ही समजतो व त्या मागणीची टिंगल करीत नाही. पण उघड पेरलेले बियाणे वेगळे आणि रात्री ओळखीच्या माणसाने दिलेले वेगळे. मत्तयच्या शुभवर्तमानात शेतात निदण पेरणारा रात्रीच आला होता, हे ह्यावरून आठवते.

त्या घरी काय झाले ते ऐका. अर्ध्या एकरात पेरले. निम्मेच उगवले. उगवले त्यावर ग्लायफोसेट मारले, तण जळाले, नवरा खूश. परंतु त्या दुपारी वारा होता. बांधापलीकडे भावाची तूर होती. ग्लायफोसेटला कपाशी व तूर ह्यांतला फरक कळत नाही. ज्यात तो गुण नाही ते झाड मरते. भावाच्या सहा ओळी पिवळ्या पडून वाळल्या. बियाण्याची पावती नाही, म्हणून न उगवल्याची तक्रार कोठे करायची? भरपाई कोणी द्यायची? दोन्ही भाऊ नाताळापर्यंत एका बाकावर बसले नाहीत. आम्ही तीनदा मध्यस्थी केली. शेवटी दोन पोती तूर देऊन मिटले. ग्लायफोसेटविषयी इतकेच की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली त्याला 'बहुधा कर्करोगकारक' अशा वर्गात घातले, अमेरिका व युरोपच्या नियामकांनी ते मानले नाही, आणि आपल्या केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात ते परवानाधारक फवारणीवाल्यांकडूनच मारावे असा निर्बंध काढला. मोठ्यांचे एकमत होईपर्यंत गरोदर बायांनी व लेकरांनी त्या रानात जाऊ नये, हे सांगण्यास एकमताची गरज नाही.

खाण्याविषयी बरेच जण विचारतात. बीटी वांग्याला केंद्र सरकारने २०१० च्या फेब्रुवारीत स्थगिती दिली, ती अजून उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशात मात्र २०१४ पासून ते पिकते व विकले जाते. मोहरीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व २०२४ च्या जुलैत दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. बीटी तुरीला आपल्याकडे परवानगी नाही, तेव्हा तशी तूर कोणी विकायला आला तर तो फसवतो आहे असे समजावे. सरकीची पेंड मात्र आपल्या म्हशी वीस वर्षे खात आहेत आणि सरकीचे तेल आपणही खातो. त्याने अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. आंध्रात २००६ साली बीटीच्या रानात चरून मेंढ्या मेल्याची ओरड झाली होती. तो दोष बीटीवर सिद्ध झाला नाही, पण फवारलेल्या रानात जनावर सोडू नये हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

ह्या हंगामापुरते आमचे म्हणणे असे. बीटी पेरायचे असेल तर पेरा. नाही पेरले व त्या रानात तूर केली तरी उत्तम, कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पाकीट घ्याल ते पावतीनेच, आणि पावती व रिकामे पाकीट पीक निघेपर्यंत जपून ठेवा. २०२५ च्या हंगामाला ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची सरकारी कमाल किंमत ९०१ रुपये होती. यंदाची किंमत रैत संपर्क केंद्रावर विचारून मगच दुकानात जा. आता साधे बी त्याच पाकिटात मिसळून येते, त्यामुळे टाकून देण्याची सोयच राहिली नाही, हे बरे झाले. लवकर येणारे वाण निवडा. पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग आले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, म्हणजे फवाऱ्याची वेळ आली, त्याआधी नाही. डोमकळी दिसताच तोडून अळीसकट नष्ट करावी, हे काम लेकरेही शाळेतून आल्यावर करू शकतात, मात्र फवारलेल्या रानात नव्हे. डिसेंबरअखेर पीक संपवा, फरदड नको, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका.

फवारणी करावीच लागली तर एका वेळी एकच औषध घ्या. बाटलीवरचा त्रिकोण पाहा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वारा पाठीवर घ्या, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारा, मधे तंबाखू खाऊ नका. फवारलेले कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. हातमोजे घालून वेगळे धुवावेत, आणि ते नवऱ्याने स्वतः धुतले तर आम्हांला अधिक आनंद होईल. चक्कर, मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ अशी लक्षणे दिसली की कपडे काढून अंग साबणाने धुवावे, दूध, तूप, मिठाचे पाणी काही पाजू नये, ओकारी काढू नये, १०८ ला फोन करावा आणि औषधाची बाटली रुग्णाबरोबर न्यावी. उतारा औषधागणिक बदलतो, म्हणून ती बाटली फार मोलाची.

धर्मग्रामाच्या सभागृहात ह्या वर्षी मुखपट्ट्या, हातमोजे व चष्मे ह्यांचे काही संच ठेवले आहेत. फवारणीच्या दिवशी न्यावेत व धुऊन परत आणावेत. मजूर लावणाऱ्यांनी मजुरासाठी आधी न्यावेत. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी पाच किलो निंबोळीचा भरडा लागतो, तो दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावा व शंभर लिटर करून सुरुवातीलाच फवारावा. कडुनिंबाच्या पिकल्या निंबोळ्या आता पडू लागतील. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी त्या गोळा करून रविवारी आणाव्यात, गर काढून सावलीत वाळवलेल्या असाव्यात. ओल्या आणू नयेत, त्यांना बुरशी धरते व गेल्या वर्षी दोन पोती आम्हांला फेकून द्यावी लागली.